शोकेसच्या मापाची बंदूक

आमच्या समोरच्या घरातले पडदे जमिनीवर हातभर लोळतात. दार उघडलं की पडदा पायात येतो आणि आतून कुंदाकाकूंचा आवाज येतो, "उचलून ये, बेटा. कापायचा नाहीये तो." भिंतीवरचं कॅलेंडर इतकं लांब आहे की त्याच्यामागे विजेची बटणं दडली आहेत. दिवा लावायचा तर आधी अख्खा महिना वर उचलावा लागतो. पायपुसणं दारापेक्षा मोठं आहे, त्याचा एक कान भिंतीवर चढलाय. काकू स्वतः बाह्या दुमडून वावरतात, कारण तयार कुर्त्याच्या बाह्या त्यांना लांब होतात आणि त्या कापून घ्यायच्या नसतात.

"जसं आलं तसं राहू दे," हे त्यांचं वाक्य. दिवसातून किती वेळा, ते मोजणं मी सोडून दिलं.

भाजी चिरतात मात्र. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "भेंडीला कलम नाही लागत."

सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना वकीलकाकू म्हणतात, अर्थात त्यांच्या मागे. रंगपंचमीला मुलांनी पिचकारीचं तोंड तापलेल्या सळईने मोठं केलं, तर काकू ओट्यावरून ओरडल्या, "मॉडिफाई केलं? किससे पूछ के केलं, भिया? कलम पच्चीस लागतं!" मुलं खो खो हसली. मग लकी. त्याने बाइकचा सायलेन्सर बदलून आणला आणि गल्लीभर फटफटत फिरला. काकूंनी त्याला थांबवलं.

"लकी, ये ओरिजिनल है?"

"नहीं काकीजी, मॉडिफाई करवाया. आवाज सुनी?"

"किससे पूछ के करवाया?"

"अरे, गाड़ी है काकीजी. तोप थोड़ी है."

"वो भी तोप नहीं थी," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. लकी उभाच राहिला. काही दिवसांनी त्याच्या गाडीला जुना सायलेन्सर परत लागलेला दिसला. काकूंचे यजमान कुठे आहेत, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

मला फारसं बोलता येत नाही. शाळा इंग्रजी, बाहेर हिंदी आणि मराठी फक्त घरात, त्यामुळे कुठल्याही भाषेत तोंड उघडण्याआधी मला दोनदा विचार करावा लागतो. काकूंना मी चालते त्याचं कारण बहुधा हेच असावं. संध्याकाळी ऑफिसमधून आले की त्या ओट्यावरून हात करतात, मी जाते, आणि त्या मला कायदा शिकवतात.

"बघ, बंदुकीची नळी छोटी करायची तरी लायसन्स लागतं. खेळण्यातली बंदूक खरी केली तरी तेच कलम. गोळी सुटली का, कोणाला लागली का, ते विचारतच नाहीत. कापली का? कापली. बस. कमीत कमी सात वर्षं. आणि जास्तीत जास्त..." इथे त्या नेहमी थांबतात. "चाय घेशील?"

जास्तीत जास्त किती, ते मी घरी येऊन मोबाइलवर वाचलं होतं. त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना ते माहीत आहे.

तर ती बंदूक. काकूंच्या यजमानांचे, अरविंदकाकांचे, वडील बँकेत गार्ड होते आणि ती दुनाळी त्यांची स्वतःची होती, लायसन्सवाली. ते रिटायर झाले, मग बंदूकही रिटायर झाली. कपाटावर धूळ खात पडायची आणि फक्त खंडेनवमीला खाली उतरायची. पाटावर तिच्या एका बाजूला काकूंची शिलाई मशीनची कात्री, दुसऱ्या बाजूला काकांच्या स्कूटरचा पाना. तिघांनाही हळदकुंकू, झेंडूचं फूल. मी लहान असताना प्रसादाला जायचे, म्हणून आठवतं. तिच्या चापावरही गंज होता.

सासरे, म्हणजे घरातले दादा, गेले. त्यांच्याबरोबर लायसन्सही गेलं आणि बंदूक ठाण्यात जमा करायला हवी होती, हे घरात कोणाला सुचलं नाही. वडिलांची आठवण कोणी ठाण्यात जमा करतं का? उलट असं ठरलं की ती कपाटावर नको, हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवू, दादांच्या फोटोखाली. पण बंदूक शोकेसमध्ये मावेना. नळी बाहेर यायची, काच लागायची नाही.

काका सांवेर रोडच्या एका कारखान्यात हिशेब बघायचे. आयुष्यात त्यांनी कधी खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता. पण एका रविवारी ते लोखंड कापायची आरी घेऊन गच्चीत बसले आणि दिवसभर घासत राहिले. मधे मधे काकू पोहे, चहा, सरबत नेऊन देत होत्या. संध्याकाळी बंदूक शोकेसमध्ये बसली. कापलेल्या टोकाला काकांनी चंदेरी रंग लावला. येणारा जाणारा म्हणायचा, वा, काय फिटिंग आहे.

मग निवडणूक आली. निवडणुकीच्या आधी लायसन्सच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. यादीत दादांचं नाव अजून होतंच. हवालदार दारावर येऊन सांगून गेला. दुसऱ्याच दिवशी काकांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बंदूक स्वच्छ उशीच्या अभ्र्यात गुंडाळली आणि स्वतः ठाण्यात घेऊन गेले. निघताना काकू म्हणाल्या, "पावती घ्यायला विसरू नका."

ठाण्यात साहेबांनी अभ्रा काढला. आधी हसले म्हणे. "ये क्या कर दिया, अंकलजी?"

"साब, शोकेस में नहीं आ रही थी."

मग साहेब हसायचे थांबले. असलं उत्तर लिहून घ्यायला त्या कागदावर जागा नसते. काका पावती घ्यायला गेले ते परत आलेच नाहीत. पहिला जामीन नाकारला, दुसराही. निवडणूक झाली, निकाल लागला, सरकार जुनंसुद्धा झालं. बाकीच्यांच्या बंदुका आपापल्या घरी गेल्या.

हे सगळं काकू हसत सांगतात. "भिया, चोर पण एवढा सीधा चालत जात नाही ठाण्यात!" पण शोकेस रोज पुसतात. शिंपल्यांची बाहुली आणि पितळी हत्ती यांच्यामध्ये तेवढी जागा मोकळी आहे. तिथे त्या काही ठेवत नाहीत.

एकदा त्यांनी मला ते कलम इंग्रजीतून वाचून दाखवायला सांगितलं. "तुझं इंग्लिश चांगलं आहे. बघ ना, कापायला सांगणाऱ्याचं काही लिहिलंय का?"

मी वर बघितलं.

"फीत माझी होती," त्या म्हणाल्या. "मीच मोजलं. एवढी कापा म्हणून खडूने खूण पण मीच केली, ब्लाउजला करते तशी. ह्यांनी जबाबात माझं नावच नाही घेतलं. वकील म्हणतो, आप चुप रहिए काकीजी, नहीं तो दोनों अंदर."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की पूर्वी अख्ख्या गल्लीचे पडदे, सलवारी, शाळेचे युनिफॉर्म काकूच कापून द्यायच्या. माझाही द्यायच्या. आता मशीनवर चादर आहे, आणि ती चादरही जमिनीवर लोळते.

गेल्या आठवड्यात त्यांनी ओट्यावरून हात केला, पण कायदा काढला नाही. हातात काकांची करडी पँट होती.

"सोमवारी निकाल आहे. ह्यांनी एकच गोष्ट मागितली, ढंगाची पँट. जुनी कमरेतून खाली सरकते. आत पट्टा देत नाहीत. मागच्या तारखेला जजसाहेबांसमोर एका हाताने पँट धरून उभे होते गं." मग हळूच, "मी मशीनवर बसले होते. नाही जमलं. तू चल माझ्याबरोबर टेलरकडे. माझ्या तोंडून 'काट दो' नाही निघणार. तू बोल."

मी दुकानदाराला भावसुद्धा विचारत नाही. पण स्कूटर काढली.

अन्नपूर्णेच्या देवळाजवळचे टेलर काकूंचे जुने ओळखीचे. पँट बघून म्हणाले, "काकीजी, ये तो आप खुद कर लेतीं."

"मेरे हाथ बंद हैं, भिया."

ते माझ्याकडे वळले. मी घरून वाक्य तयार करून आणलं होतं. "कमर छोटी करनी है. काटना नहीं है. कपड़ा अंदर दबा देना, ताकि बाद में... खोल सकें."

"कितनी छोटी? नाप दो."

माप आमच्याकडे नव्हतं. जेलमध्ये भेट होते ती जाळीतून. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी पिशवी खाली ठेवली. दुमडलेल्या बाह्या आणखी वर सारल्या. मग दोन्ही हात पुढे केले आणि बोटांत बोटं गुंतवून एक गोल केला.

"पिछली तारीख पे," त्या म्हणाल्या, "सिपाही पानी पीने गया था. कोर्ट की सीढ़ियों पे. तब... इतने थे."

टेलरनी गळ्यातली फीत काढून ती काकूंच्या हातांच्या आतून, हलकेच, गोल फिरवली. त्यांनी आकडा लिहिला, पँटवर खडूने खूण केली आणि म्हणाले, "हो गया, काकीजी."

काकूंनी हात खाली घेतले नाहीत. "सिलाई कच्ची रखना," त्या म्हणाल्या. "घर का खाना खाएँगे तो भर जाएँगे."