मालात दोष नाही

हेडफोन घ्यायचा निर्णय माझा होता, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात पडद्यांचा रंग, पाहुण्यांना किती वेळ बसू द्यायचं, माझे केस कधी कापायचे, हे सगळं बायको ठरवते. माझ्या वाट्याला वायर, प्लग आणि बटणं असलेल्या वस्तू येतात. (त्यातही फ्यूज उडाला की खातं काढून घेतलं जातं.)

झालं असं की माझ्या मेव्हण्याला माळ्यावरच्या पेटीत एक जुनी कॅसेट सापडली. माझे सासरे व्हायोलिन वाजवायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. बायको शाळकरी होती तेव्हा त्यांनी हौसेने घरीच एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. खोलीच्या एका कोपऱ्यात, एका माइकपुढे, ही फ्रॉक घालून उभी. समोरच्या कोपऱ्यात, दुसऱ्या माइकपुढे, ते व्हायोलिन घेऊन बसलेले. मेव्हण्याने ती कॅसेट मोबाइलवर ऐकता येईल अशी करून घेतली आणि बहिणीला पाठवली. बायकोने ती ओट्याला टेकून ऐकली. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून गाणं आणि व्हायोलिन एकत्रच चिवचिवत होतं, तरी ती पदराने डोळे पुसत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अगं, हे असं ऐकायचं नसतं, याला हेडफोन लागतो. त्यात बाबा एका कानात येतील आणि तू दुसऱ्या कानात.

इथे माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी कारकून आहे. लोक बिघडलेल्या वस्तू परत पाठवतात, आणि मी त्यांच्या अर्जावर शिक्का मारतो: ‘मालात दोष नाही. वापरणाऱ्याची चूक.’ साहेबांनी त्याचा रबरी शिक्काच करून दिलाय, कारण हाताने लिहून माझं मनगट धरायला लागलं होतं. तेव्हा खरेदी करताना मला कोणी बनवू शकत नाही, असा माझा समज होता.

दुकानदाराने विचारलं, ऐकणार काय? मी म्हटलं, सासरे. त्याने मला एकदा नीट पाहून घेतलं आणि धीराने समजावून सांगितलं. धडधडणारं संगीत आवडणाऱ्यांचा हेडफोन वेगळा, गाणं आणि व्हायोलिन ऐकणाऱ्यांचा वेगळा, त्याला स्वच्छ आवाज लागतो, गाद्या मऊ लागतात. मग त्याने बजेट विचारलं. आवड उंची असली तरी बजेट बेताचं आहे, असं सांगून मी खालच्या फळीवरच्या, सर्वांत धडधडणाऱ्या हेडफोनकडे बोट दाखवलं. त्याने समजावणं सोडून बिल फाडलं. मला वाटलं, आपल्या पारखीने गार पडला.

त्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना बायकोला जरा गरगरलं होतं. डाव्या कानात बारीक शिटी वाजतेय, कान भरल्यासारखा झालाय, असंही ती म्हणाली होती. ती बालवाडीत शिकवते. मी म्हटलं, दिवसभर त्या पोरांचा कलकलाट ऐकल्यावर कान शिट्याच मारणार. हे बोलून मी बूट घातले आणि कामावर गेलो.

संध्याकाळी मी समारंभपूर्वक हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग डोळे उघडून म्हणाली, “माझं गाणं येतंय हो. बाबा येत नाहीत.”

मी स्वतः लावून पाहिला. उजवीकडे लहानपणीची बायको होती, डावीकडे सासरे होते, दोघं ठणठणीत. पण माझे कान काय, कामापुरते आहेत. बायकोच्या कानांची गोष्ट निराळी. मी आतल्या खोलीत बिस्किटांचा डबा उघडला की ती गॅलरीतून ‘दोनच’ म्हणते. बालवाडीत फळ्याकडे तोंड करून असताना कोणत्या पोराने कोणाची पेन्सिल ओढली ते तिला कळतं. असे कान असलेली बाई म्हणते की बाबा येत नाहीत, म्हणजे ते येत नाहीत. शिवाय मोबाइलच्या स्पीकरवर तिला व्हायोलिन ऐकू येत होतं आणि हेडफोनवर येत नव्हतं. तेव्हा दोष हेडफोनचाच. या तर्कात मला आजही भोक सापडत नाही, आणि हेच माझं दुःख आहे.

दुकानदाराने हेडफोन कानाला लावला, काढला आणि म्हणाला, “साहेब, मालात दोष नाही.”

हे वाक्य मी इतकी वर्षं लोकांना ऐकवतोय, पण ऐकणाऱ्याला ते इतकं झोंबतं हे मला ठाऊक नव्हतं. माझं डोकंच फिरलं. माझी बायको खोटं बोलते का, असं मी चारचौघांत विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी गिऱ्हाइकाच्या बाजूने भांडत होतो आणि मला ते फार आवडलं. वरचे पैसे भरून मधल्या फळीवरचा हेडफोन घेतला.

त्यातही बाबा आले नाहीत. मी पुन्हा गेलो, पुन्हा तेच वाक्य ऐकलं, पुन्हा भांडलो. त्याने वायर बदलून दिली. मग रंग बदलून दिला. असे दिवस जात राहिले. बायको म्हणायची, राहू द्या आता, कानातली शिटी काही थांबत नाही. मी म्हणायचो, या भंगार हेडफोनांनीच तुझ्या कानात शिट्या भरल्यात, थांब, मी त्याला सोडत नाही.

त्याच दिवसांत ती माझ्याशी नीट बोलेनाशी झाली. सोफ्यावर मी नेहमी तिच्या डावीकडे बसतो. दुकानदाराला काय काय सुनावलं ते रंगवून सांगायचो आणि ही समोरच्या भिंतीकडे पाहत बसायची. मला वाटलं, खर्चावरून धुसफूस चाललीय. मग मीही तोंड फुगवलं. ज्या बाईसाठी मी दुकानात घसा कोरडा करतोय तिला त्याची किंमत नाही, या विचाराने मी मनातल्या मनात पार हुतात्मा झालो.

शेवटी मी वरच्या फळीवरचा हेडफोन आणला. आमच्या पंख्यांना, इस्त्र्यांना, सगळ्यांना मिळून नसेल इतकी मोठी हमी त्याच्या खोक्यावर छापलेली होती. घाईघाईने मी तो तिच्या डोक्यावर बसवला आणि गाणं सुरू केलं.

ती एकदम ताठ बसली. तिने माझा हात धरला.

“बाबा आले,” ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता. मी जिंकलो होतो. उद्या दुकानात जाऊन काय काय बोलायचं याची मी तयारीही सुरू केली. थोड्या वेळाने ती म्हणाली, “पण मी कुठे गेले? मी गात होते ना?”

तेव्हा माझं लक्ष गेलं. तिच्या उजव्या कानावरच्या गादीवर डाव्या बाजूची खूण होती. गडबडीत मी हेडफोन उलटा घातला होता. मी तो काढून सरळ घातला. ती परत आली, बाबा गेले. पुन्हा उलटा घातला. बाबा आले, ती गेली. तिसऱ्यांदा माझा हात उचलेना. तिने स्वतःच हेडफोन काढून मांडीवर ठेवला, त्याची वायर काढून मोबाइल डाव्या कानाला लावला आणि मग उजव्या कानाला लावला.

“अहो,” ती म्हणाली, “माझा कान गेलाय.”

कानाच्या डॉक्टरांनी तिला एका बंद खोलीत बसवून तपासलं. मी काचेबाहेर उभा होतो. आवाज ऐकू आला की हात वर करायचा होता. सुरुवातीला तिचा हात भराभर वर गेला. मग डाव्या कानाची पाळी आली आणि तो तिच्या मांडीवरच राहिला. ती माझ्याकडे बघून उगाच हसली. ते हसू मला बघवलं नाही.

शीर दुखावलीय, असं कधी कधी अचानक होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. गरगरलं त्याच दिवसांत आला असतात तर औषधांचा उपयोग होण्याची बरीच आशा होती. आता औषधं देऊ, पण भरवसा देता येणार नाही.

“इतके दिवस तुम्ही होतात कुठे?” त्यांनी विचारलं.

“दुकानात,” मी म्हणालो.

औषधं झाली. कान आला नाही. तिने फार रडारड केली नाही. बालवाडीत मुलांना उजवीकडे बसवून घेतलं, रस्त्यात माझी बाजू बदलली आणि हेडफोन कायमचा उलटा घालायला लागली. मी म्हटलं, तुझं गाणं तुला ऐकू येत नाही त्याचं काय? ती म्हणाली, मी कशी गायचे ते मला आठवतंय, बाबा कसे वाजवायचे तेवढं विसरायला झालं होतं.

परवा संध्याकाळी ती तशीच ऐकत बसली होती. सवयीने मी डावीकडे बसलो आणि का कोण जाणे, बोलत सुटलो. म्हटलं, माझं चुकलं. तू शिटी वाजतेय म्हणालीस तेव्हा मी बूट घालत होतो. अख्ख्या जगाशी भांडलो, पण एकदा वळून तुला विचारलं नाही, की तुला होतंय काय. तुझा कान माझ्या हट्टापायी गेला गं. सगळं बोललो, डोळे भरून आले, नाक पुसलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती व्हायोलिन ऐकत होती.

गाणं संपल्यावर तिने हेडफोन काढला. “काही म्हणत होतात का? इकडून सांगा.”

मी उठून उजवीकडे जाऊन बसलो. ते सगळं पुन्हा काही तोंडातून बाहेर येईना.

“चहा करू का, असं विचारत होतो,” मी म्हटलं.

“एवढंच?” ती म्हणाली आणि माझ्या लाल झालेल्या नाकाकडे बघत राहिली. “करा मग.”

मी आत जाऊन चहा टाकला. मनात तेच सगळं घोळत होतं, त्यामुळे दूध खाली लागलं. वास आला तोवर उशीर झाला होता. तसाच गाळून तिच्यापुढे नेऊन ठेवला आणि उजवीकडे बसून राहिलो. तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला. दूध सकाळचंच होतं ना, तिने विचारलं. मी हो म्हटलं. चहाची पावडर नवीन होती ना? तीही नवीन होती.

तिने माझा हात हातात घेतला, थोपटला आणि म्हणाली, “मग मालात दोष नाही.”