उत्पादनातला एकसष्ट वर्षांचा खंड

कोणतीही वस्तू मुळात खरी किंवा खोटी नसते. समितीची बैठक होईपर्यंत ती नुसती वस्तू असते. बव्हेरियातल्या त्या गावात हे सत्य कोर्बिनियान श्टाडलर यांच्याइतकं कोणाला उमगलं नव्हतं. जकात खात्यातून निवृत्त होऊन ते विमान-वारसा मंडळाच्या अस्सलता समितीचे चिटणीस झाले होते.

मंडळाने महायुद्धातलं एक जर्मन लढाऊ जेट अमेरिकेत नव्याने बांधून आणलं होतं. त्याला नक्कल म्हणायला सक्त मनाई होती. पंचेचाळीस साली कारखान्यातून जे शेवटचं विमान निघालं, त्याच्या पुढचाच क्रमांक याला दिला होता. म्हणजे हे त्याच मालिकेतलं. मध्ये उत्पादनात एकसष्ट वर्षांचा खंड पडला, एवढंच. (खंड का पडला, हा रकाना अर्जात नव्हता.) मूळ इंजिनं पंचवीसेक तासांत जळून जायची, म्हणून जुन्या आकाराच्या कवचात नवी बसवली होती. त्यावर ठराव झाला : ‘इंजिन ही विमानाची अंतर्गत बाब आहे.’ शेपटीवरचं नाझी चिन्ह कायद्याने बंद, म्हणून तेवढी जागा कोरी. त्याचे दोन गुण माफ. अस्सलतेचे एकूण गुण शंभरपैकी चौऱ्याण्णव. उरलेले सहा प्रत्यक्ष साक्षीदारासाठी राखीव.

साक्षीदार श्टाडलरनीच हुडकून काढली. हालिना वोइतोविच, ऐंशीला टेकलेल्या, पोलंडहून आलेल्या. सतराव्या वर्षी त्यांना ट्रकमध्ये कोंबून कारखान्यात आणलं होतं आणि याच जातीच्या विमानांच्या पंखांचे पत्रे रिव्हेट ठोकून जोडायला बसवलं होतं. (मंडळाच्या पत्रिकेत : ‘माजी कर्मचारी’.)

हालिनाबाईंनी पंखावरून सावकाश तळहात फिरवला.

“हे खोटं आहे,” त्या म्हणाल्या.

अध्यक्ष डॉक्टर हाबर्ल हसले. “बाई, चष्मा लावून बघा जरा.”

“डोळ्यांनी कशाला बघायचं? सगळे रिव्हेट घट्ट बसलेत. आम्ही दर पाचवा सैल सोडायचो.”

“मुद्दाम?” श्टाडलरनी विचारलं.

“मग काय झोपेत? सापडलं की फाशी. माझ्या शेजारी झोफिया बसायची. ती सापडली. आम्हाला रांगेत उभं करून बघायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी दर चौथा सोडला.”

श्टाडलरांचं पेन थांबलं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या पेट्या उघडून पाहिल्या होत्या. पण अशी पेटी त्यांच्यासमोर कधी उघडली नव्हती. त्यांनी रकान्यात लिहिलं : ‘विमान खोटं. साक्षीदार खरी.’ आणि खाली सही ठोकली.

“अहो श्टाडलर, वेड लागलंय का?” अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेतलं. “उद्या पाच हजार माणसं येणार आहेत!”

“येऊ देत. मी सही बदलणार नाही.”

“मग चिटणीस बदलावा लागेल.”

नव्या चिटणिसांनी शंभरपैकी शंभर दिले. ‘सैल रिव्हेट हा उत्पादनातला दोष असून अस्सलतेत धरता येत नाही,’ असा शेराही मारला.

दुसऱ्या दिवशी विमान उडालं. पाच हजार माना वर झाल्या. फक्त दोन माणसं गवतावर विमानाकडे पाठ करून बसली होती. श्टाडलरनी थर्मासमधली कॉफी हालिनाबाईंपुढे धरली आणि मांडीवर कोरा कागद घेऊन हळूच विचारलं, “झोफियाचं आडनाव काय होतं?”

एकसष्ट वर्षांत हे विचारणारे ते पहिलेच. वाचकहो, तुम्हीही बहुधा विमानाचा वेगच विचारणार होतात. तो ताशी आठशे सत्तर किलोमीटर.