ढिम्म असल्याचा पुरावा

"अहो, आपलं दुकान बंद पडलं!"

बायको आतल्या खोलीतून ओरडली तेव्हा नवरोबा आरामखुर्चीत वर्तमानपत्राचं एकच पान दुसऱ्यांदा वाचत होते. दुकान म्हणजे शटर आणि गल्ला असलेलं दुकान नव्हे. ते फोनमध्ये होतं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवायचे, वाळू भरलेले जाड कापडाचे बाहुले बायको शिवायची आणि खरेदीच्या एका मोठ्या साइटवर विकायची. बाहुले बसके होते, पोट सुटलेले होते आणि त्यांना मान जवळजवळ नव्हती. ते पेंग्विन आहेत असं नवरोबांना सांगण्यात आलं होतं आणि त्यांनी ते मान्यही केलं होतं. दुकानाचं नाव होतं 'ढिम्म'.

"बंद पडलं म्हणजे?" नवरोबांनी खुर्चीतूनच विचारलं.

"म्हणजे दिसतच नाहीये. कुठल्या तरी तिजोऱ्या बनवणाऱ्या कंपनीने तक्रार केलीये. 'ढिम्म' हे त्यांनी नोंदवलेलं नाव आहे म्हणे, आणि आपण ते चोरलं. आठवड्याच्या आत उत्तर द्या, नाहीतर दुकान कायमचं काढून टाकू, असं आलंय."

आता खरं सांगायला हवं. हे ऐकून नवरोबांना दुःख झालं नाही, उलट त्यांच्या मनात उकळ्या फुटल्या. कारण 'ढिम्म' हे नाव तिजोरीचं असो की बाहुल्याचं, मुळात ते त्यांचं होतं. लग्नानंतर ते पहिल्यांदा सासुरवाडीला गेले, तेव्हा तिथे कपाट हलवायचं काम चाललं होतं. सगळे घाम गाळत होते आणि जावईबापू दाराजवळ खुर्ची टाकून बसल्या बसल्या झोपी गेले. वाऱ्याने आपटणारं दार त्यांच्या खुर्चीला येऊन टेकलं आणि मुकाट थांबलं. मेहुणी म्हणाली, "भाऊजींना इथेच राहू द्या. ढिम्म हलायचे नाहीत!" झालं. त्या दिवसापासून दोन्हीकडच्या गोतावळ्यात त्यांचं खरं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

पुढे बायकोने पहिला बाहुला शिवला आणि विचारलं, "याचं नाव 'ढिम्म' ठेवू का?" नवरोबा म्हणाले, "बघू." त्या घरातले सगळे मोठे निर्णय याच शब्दाने झाले होते. नवरोबांनी बघेपर्यंत बाहुल्यांच्या पोटावर लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या छापून आल्या होत्या. ऑफिसात मात्र त्यांनी हे दुकान बायकोच्या एका लांबच्या बहिणीचं असल्याचं पसरवून ठेवलं होतं.

"मग बदलून टाकू नाव," ते शक्य तितक्या जड आवाजात म्हणाले. "'अढळ' ठेव. नाहीतर 'भक्कम'. नावात काय एवढं!"

बायको नेहमीसारखी भांडायला बाहेर आली नाही. हे जरा अवघड होतं. नवरोबा उठून आतल्या खोलीच्या दारात गेले. पलंगावर पाठवायचे राहिलेले बाहुले ओळीने बसवले होते आणि बायको एकेकाच्या पोटावरची चिठ्ठी बोटाने चाचपत होती.

"गिऱ्हाइकं नाव घेऊन मागतात हो," ती म्हणाली. "'आणखी दोन ढिम्म पाठवा' असं लिहितात. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट माझी म्हणून सुरू केली आणि ती चालली. आता परत पहिल्यापासून करू? आणि ते कंपनीवाले मला चोर म्हणतायत, त्याचं काय?"

ती रडली असती तर नवरोबांनी पाण्याचा पेला आणून दिला असता आणि "बघू" म्हटलं असतं. पण ती रडत नव्हती, नुसती चिठ्ठ्या चाचपत होती. नवरोबांना स्वतःची फार लाज वाटली.

"मी लिहितो उत्तर," ते म्हणाले.

"तुम्ही? कधी?"

"आत्ता."

बायकोने उठून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पण यात तसं नवल नव्हतं. नवरोबा विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायच्या कामावर होते. कुणाचं छप्पर उडालं की ते लिहीत, 'मुळात छप्पर होते, याचा पुरावा जोडावा.' जोडलाच, तर खाली लाल शाईत लिहीत, 'पुरावा अपुरा.' पुरावा कसा असावा हे सगळ्या ऑफिसात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, निदान त्यांचं तरी असं मत होतं. त्यांनी तक्रार वाचली आणि चष्मा पुसला.

"कंपनीने हे नाव नऊ वर्षांपूर्वी घेतलंय. आपलं दुकान कालपरवाचं. म्हणजे त्याच्याही आधीपासून हे नाव आपल्याकडे वापरात होतं, एवढं दाखवलं की काम फत्ते."

"होतंच की वापरात," बायको म्हणाली.

"कुठे?"

 बायको फक्त त्यांच्याकडे बघत राहिली, आणि ती का बघतेय हे कळल्यावर नवरोबांना घरात कुठे बसावं ते सुचेना.

मेहुणीला फोन लावला तर ती आनंदाने किंचाळलीच. "भाऊजी, खरंच लेखी पाहिजे? किती पानं चालतील?" तासाभरात तिने फोटो पाठवला. दाराशी खुर्ची, खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले तरुण जावई, खुर्चीला टेकलेलं दार आणि कोपऱ्यात जुन्या कॅमेऱ्याची नारिंगी तारीख. फोटोची मागची बाजूही तिने पाठवली होती, तिथे सासूबाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'जावईबापू (ढिम्म)'. त्यामागोमाग मावसभाऊ, चुलतसासू, सगळ्यांचे जबाब येऊन पडले. एरवी चारदा विचारलं तरी उत्तर न देणारं हे खानदान त्या दिवशी पेटून उठलं होतं. शेवटी नवरोबांनी स्वतःच्या आईला फोन केला.

"आई, तू तरी जरा सांभाळून लिही."

"मी काय खोटं लिहू?" आई म्हणाली. "जन्माला यायलासुद्धा तुला घाई नव्हती. डॉक्टर घरी जाऊन, जेवून, झोप काढून आले, तरी तू आपला आतच."

जबाबांचा गठ्ठा जमला. बायको म्हणाली, "पाठवा आता." पण गठ्ठा चाळता चाळता नवरोबांच्या अंगातला विमावाला जागा झाला. त्यांनी सवयीने लाल पेन उचललं.

"हे चालणार नाही," ते म्हणाले. "सगळे नात्यातले आहेत. संबंधित व्यक्तींचे जबाब ग्राह्य धरता येत नाहीत. मी असतो तर नामंजूर केलं असतं."

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

"कायद्याच्या. बाहेरचा साक्षीदार हवा. ज्याचा यात काही फायदा नाही, असा."

असा साक्षीदार खालच्याच मजल्यावर होता. निवृत्त शिक्षिका. नवरोबांनी संकोचत विषय काढला, तर बाईंनी चष्मा लावून कागदच पुढे ओढला. "तुमची मिसेस हाक मारते ती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते हो. आणि मागे एकदा इमारतीत आगीची घंटा वाजली होती, आठवतंय? आमची मुलगी शाळेत होती तेव्हा, आता तिला मूल आहे. सगळी इमारत खाली उतरली. तुम्ही तेवढे गॅलरीतून विचारत होता, 'खरीच आहे का?' तेव्हा तुमची मिसेस खालून ओरडली होती, 'अहो ढिम्म, उतरा!' ते घालू ना?"

"घाला," नवरोबा म्हणाले.

केस कापणाऱ्यानेही सही दिली. "डोकं वळवा म्हटलं तरी हे वळवत नाहीत. मग मी खुर्चीच फिरवतो," असं त्याने स्वखुशीने जोडलं. नवरोबांनी दोन्ही कागद वाचले, पण समाधान होईना. जबाब काय, कुणीही आज बसून लिहून देईल. त्या काळातलाच, तारीख आणि शिक्का असलेला कागद हवा होता. एखाद्या संस्थेचा. आणि असा एक कागद जगात आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच दोन दिवस त्यांनी तो न आठवल्यासारखं केलं होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी ऑफिसच्या वार्षिक अहवालात साहेबांनी त्यांच्या नावापुढे शेरा मारला होता, 'स्वभावाने सज्जन. कामात ढिम्म.' शेऱ्यावर हरकत घ्यायला मुदत असते. नवरोबा तेव्हा "बघू" म्हणाले होते. आणि या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. तो शेरा साहेब विसरले असतील अशी त्यांची जी काय थोडीफार आशा होती, ती आता स्वतःच्या पायांनी चालत जाऊन मोडायची होती.

सकाळी ते ऑफिसला निघाले तेव्हा बायको रिकाम्या खोक्यांच्या घड्या करून माळ्यावर टाकत होती. तेवढं बघितलं आणि ते सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दुकान कुणाचं, बाहुले कसले, नाव कुणाचं, सगळं. मग त्यांनी जुनी फाइल मागवली आणि पान उघडून आपलाच शेरा पुन्हा वाचला.

"तीस वर्षं मी लोकांना शेरे देतोय," ते म्हणाले. "लोक येतात ते शेरा पुसून घ्यायला. शिक्का मारून मागणारे तुम्ही पहिलेच."

"द्याल ना, साहेब?"

"अहो, देईन म्हणजे काय! आणखी काही लागलं तर मी स्वतः येऊन सांगेन."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगळे कागद साइटवर चढवून झाले. शेवटचं बटण दाबायच्या आधी नवरोबांनी सगळा गठ्ठा पुन्हा एकदा वाचला. आयुष्यात एवढं नीटनेटकं, तारीखवार, साक्षीपुराव्यांसह त्यांनी दुसरं काही सिद्ध केलं नव्हतं. बायको मागे उभी होती. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "नको असेल तर राहू द्या हो. 'भक्कम' पण वाईट नाही." नवरोबांनी बटण दाबलं.

पुढचे काही दिवस काहीच घडलं नाही. मग एका दुपारी बायकोचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला. तिजोरीवाल्या कंपनीच्या कायदा विभागातल्या बाई बोलत होत्या.

"तुमचं उत्तर मिळालं. पुरावे जमवणारे गृहस्थ आहेत का तिथे?"

"मीच तो," नवरोबा ताठ बसत म्हणाले.

"फार मेहनत घेतलीत. पण खरं सांगू का, यातला एकही कागद उपयोगाचा नाही. घरातलं टोपणनाव म्हणजे धंद्यातला वापर नव्हे. तुम्ही कितीही वर्षं ढिम्म असलात, तरी तुम्ही त्या नावाने काही विकत नव्हता. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने..."

"पुरावा अपुरा," नवरोबा पुटपुटले.

"अगदी बरोबर."

 बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. नवरोबांना त्या क्षणी छप्पर उडालेली सगळी माणसं एकदम आठवली. आई, मेहुणी, शेजारीण, साहेब, सगळ्यांपुढे आपली अब्रू काढून झाली, आणि तीही फुकट.

"पण," बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. "तुमची ती फाइल आमच्याकडे सगळ्या मजल्यांवर फिरली हो. मालकांनी जेवता जेवता वाचली, आगीच्या घंटेपाशी त्यांना ठसका लागला. ते म्हणाले, या माणसाशी भांडायचं नाही. तक्रार आम्ही मागे घेतोय. नाव ठेवा तुम्ही."

बायकोने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"फक्त एक अट आहे. तिजोरी आणि बाहुला यांत गिऱ्हाइकाचा घोटाळा व्हायला नको. तेव्हा हे नाव नक्की कुणाचं आहे, ते तुमच्या प्रत्येक बाहुल्याच्या चिठ्ठीवर दिसलं पाहिजे. तो खुर्चीतला फोटो आहे ना, तो छान आहे."

नवरोबा खुर्चीत मागे टेकले. "बघू," ते म्हणाले.

"कबूल!" बायको फोनवर जवळजवळ झेपावली. "एकदम कबूल!"

"आणि एक मलाही पाठवा," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "आमच्या घरी एक ढिम्म आहे. त्याच्या शेजारी ठेवते."

दुकान पुन्हा दिसायला लागलं. त्या फोटोसकट नव्या चिठ्ठ्या छापून आल्या. पहिला बाहुला कायदा विभागाच्या बाईंकडे गेला, दुसरा साहेबांनी मागवला. आता त्यांच्या केबिनच्या दाराशी नवरोबा दिवसभर तोंड उघडं टाकून झोपलेले असतात आणि दाव्यांच्या फायली घेऊन जाणारा प्रत्येक जण त्यांना वळसा घालून जातो. विभागप्रमुखाच्या जागेचं नवरोबांनी एकदा भीत भीत विचारलंही. साहेब दाराकडे बघत म्हणाले, "बघू."

त्या रविवारी वारा सुटला होता. बायको बैठकीच्या खोलीत खोकी भरत बसली होती आणि मधलं दार करकरायला लागलं होतं. नवरोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. एवढं सगळं झाल्यावर माणसाने थोडंतरी बदलायला हवं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. कुणी हाक मारायच्या आत ते खरोखर खुर्चीतून उठले.

"बसा हो," बायको मान वर न करता म्हणाली. "तुम्ही आहात तिथे."

नवरोबांनी पाहिलं. दार बाहुल्याला टेकून शांत उभं होतं. बाहुल्याच्या पोटावर ते स्वतः झोपले होते. त्यांनी एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, मग चिठ्ठीभोवतीच्या सुटलेल्या पोटाकडे, मग मान असायला हवी होती त्या जागेकडे. मग भिंतीवरच्या आरशात.

"अगं," ते म्हणाले, "हा पेंग्विन..."

"कसला पेंग्विन?" बायको म्हणाली.