सुई सांगते

दिगूभाऊ आमच्या घरी आला की आधी राम राम करत नाही. दारातच उभा राहून खिशातून दोऱ्याला बांधलेली सुई काढतो आणि लोंबकळत धरतो. फ्रिजपुढे धरतो, टीव्हीपुढे धरतो, माझ्या सुनेच्या पर्सपुढे धरतो. सुई गप्प राहिली तर बसतो. हलली तर स्टूल उचलून अंगणात.

"वयनी, पर्समंधी चुंबक आहे. सुई सांगते."

"अरे, पर्सचं बटन आहे ते."

"बटन असो का काही असो. माह्या डोक्याले काय समजते बटन?"

माणूस सटकलेला नाही. सटकला होता, तो मागे. तेव्हा त्याचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले. उठायचा, पण पाऊल उचलेना. धोतर ओलं व्हायचं, तेही कळायचं नाही. सगळं रिठद गाव म्हणालं, म्हातारपण आलं. त्याची बायको सुमन तेवढी ऐकेना. तिनं अंगणात चुन्याच्या आडव्या रेघा मारल्या. "लाइन पाह्य अन् ओलांड," असं बैलाला हाकावं तसं ती त्याला हाकायची. रेघ दिसली की पाऊल उचलायचं.

एका सकाळी ती चहा घेऊन आली, तर त्यानं तिला विचारलं, "तू कोनाची वो?"

सुमननं कप खाली ठेवला आणि त्याच दिवशी त्याला अकोल्याला नेलं.

डॉक्टर म्हणाला, डोक्यात पाणी सगळ्यांच्याच असतं, यांचं निघत नाही. ते साचून मेंदूला दाबतं, मग मेंदूला रक्तही धड पोचत नाही. त्यानं डोक्यातून पोटात एक बारीक नळी सोडली, कातडीखालून. कानामागे छोटा कॉक बसवला. तो बाहेरून चुंबकानं कमीजास्त करता येतो. म्हणून घरी सोडताना बजावलं, जोरदार चुंबक डोक्याजवळ नेऊ नका. दिगूभाऊनं 'जोरदार' तिथंच टाकला आणि 'चुंबक' तेवढा घरी आणला.

तेव्हापासून ही सुई. मोबाइल कानाला लावत नाही. हात लांब करून ओरडतो, त्यामुळे त्याचं सोयाबीन काय भावानं गेलं ते गल्लीला आधी कळतं. चालतो मात्र गोऱ्ह्यासारखा. पाहुणा दिसला की डोकं पुढे करतो, "हात लावून पाह्य. माह्या डोक्याचा कॉक!" पाहुणा चहा न घेता जातो.

मधल्या काळात काचबिंदूनं सुमनची नजर गेली. आता हा तिला हाताला धरून फिरवतो.

एकदा मी म्हटलं, "दिगू, वय झालं तुझं. मराले इतकं काहून भेतं?"

"मराचं भेव नाही, वयनी. तवा म्या हिले ओळखलं नाही, पन हिनं मले पाह्यलं, म्हनून निभलं. आता हिले दिसत नाही. म्या पुन्हा इसरलो तं दोघंई हरपू."

परवा त्याच्या पुतणीचं लग्न होतं. मांडवात कपाटाएवढे स्पीकर. स्पीकरात चुंबक असतो, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. म्हणून सख्खा काका रस्त्यापलीकडच्या ओट्यावर बसला. सुमन माझ्याजवळ बायकांत होती. अचानक शेजारचा स्पीकर धडधडला. कानच तिचे डोळे, तेच बंद झाले. ती उठली आणि भलतीकडेच हात पसरून निघाली, "अवो, कुठी आहा तुमी?"

मी तिला धरणार तोच दिगूभाऊ आला. आचाऱ्याचं जर्मनचं पातेलं डोक्यावर उपडं घालून, थेट दोन स्पीकरांच्या मधून. पातेल्यात वरण उरलं होतं, ते कानावरून ओघळत होतं. वऱ्हाडी पोट धरून हसले. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. तिचा हात धरून तिला ओट्यावर नेलं. मीही मागे गेले.

पातेलं काढून तो तिच्यासमोर बसला. कानामागचा कॉक चाचपून पाहिला.

"सुमन."

"हं."

"सुमन."

"अवो, हाव म्हनलं ना! काय झालं?"

"काही नाही. हाक मारून पाह्यली."

मी पदरानं त्याच्या कानामागचं वरण पुसलं आणि जेवायला गेले.