लाइलचं झाड आणि धीराचा वेंडल

झाडं जगवण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! या डोंगरात माझं उभं आयुष्य गांजा लावण्यात गेलंय. पोलिसांचं हेलिकॉप्टर डोक्यावर घिरट्या घालायचं तेव्हाही लावला आणि आता सरकारी परवाना चौकटीत घालून दारावर टांगलाय, तेव्हाही लावतोय. तेव्हा वीतभर उंचीचं एक आईझाड आणि त्याच्यापासून काढलेली ट्रेभर कलमं थोडे दिवस सांभाळायची, म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!

निदान कोरलीला, म्हणजे माझ्या बायकोला, मी असंच सांगितलं. खुब्याच्या ऑपरेशनसाठी ती सॅक्रामेंटोला आमच्या लेकीकडे निघाली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पर्स, आणि नजर मात्र झाडाच्या कपाटावर.

"ड्वेन, तू काही करू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे काही म्हणजे काही करू नकोस! दिवा आपोआप लागतो, आपोआप विझतो. आईला माती सुकली तरच पाणी. कलमांवरचं झाकण सारखं उघडायचं नाही. आणि मुळं फुटली का ते उपटून बघायचं नाही!"

"मी कधी उपटून बघितलंय?"

"गेल्या वर्षी. अर्धा ट्रे."

"ती तपासणी होती!"

"मग या वेळी तपासणी करू नकोस," ती म्हणाली. गाडीत बसल्यावर काच खाली करून परत म्हणाली, "ड्वेन, लाइल आहे रे तो."

लाइल म्हणजे माझा मेव्हणा, कोरलीचा धाकटा भाऊ. ते झाड त्याचं. एका हिवाळ्यात त्यानं ते बियांपासून वाढवलं. पान चुरगळलं की रॉकेल आणि पिकलेलं पेर असा एकत्र वास यायचा. तसा वास या डोंगरात दुसऱ्या कशालाच नाही. अजून कोणाला त्याचं कलमसुद्धा दिलं नव्हतं, तोच छापा पडला. कोणीतरी चुगली केली होती. कोणी, ते कधीच कळलं नाही. लाइलला बेड्या घातल्या आणि त्याची सगळी झाडं कुंड्यांसकट ट्रकमध्ये भरली. कोरली त्या सकाळी त्याच्याकडे कॉफी प्यायला गेली होती. तिनं एक फांदी मोडून थर्मासात खुपसली आणि रडत रडत पोलिसांच्या समोरून चालत बाहेर आली. लाइल काही तुरुंगातून परत आला नाही. तिथेच छातीत कफ धरला आणि गेला.

फांदी मात्र जगली. आई म्हातारी झाली की तिचं कलम काढायचं, कलमाला मूळ धरलं की तीच नवी आई. फुलू द्यायचं नाही, वाढू द्यायचं नाही, छाटून छाटून कपाटात मावेल एवढंच ठेवायचं. अशी तीस वर्षं ते एकच झाड चालत आलंय. कोरली रोज सकाळी कपाट उघडते आणि म्हणते, "उठलास का रे?"

आता आमचा शेजारी वेंडल. बायको गेल्यापासून एकटाच असतो. दर रविवारी ब्लॅकबेरीचा पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आमच्याकडे जेवायला येतो. फार धीराचा माणूस! छाप्यांच्या काळात हेलिकॉप्टरचा आवाज आला की आम्ही सगळे शेपटीला आग लागल्यासारखे पळायचो. कोणी कुंड्या विहिरीत सोडायचा, कोणी पलंगाखाली घुसायचा. वेंडल आपला ओट्यावर खुर्ची टाकून कॉफी पीत बसलेला! त्याच्या जमिनीवर छापाही कधी पडला नाही. नशीब लागतं, आम्ही म्हणायचो.

तर कोरली गेली. पहिला आठवडा मी एकाही कलमाला हात लावला नाही. हे मी शपथेवर सांगतो! ट्रेच्या तळातून पांढरी मुळं डोकावायला लागली तेव्हा मी फोन करून ओरडलो, "कोरली, मामा झालीस!"

"आत्या, मूर्खा," ती म्हणाली, पण हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसली.

मग ती दुपार आली. ऑगस्टचा उकाडा, मी चड्डी-बनियनवर. हवेत धूर होता, पण आमच्याकडे ऑगस्टात धूर नसेल तरच बातमी. मी सॅंडविचचा घास घेतला आणि ऐकलं. धप धप धप धप! हेलिकॉप्टर! आणि तेही इतकं खाली की ताटल्या खडखडल्या.

आता परवाना दारावर टांगलाय, हे माझ्या डोक्याला माहीत आहे. पण पायांना कोणी सांगितलंच नव्हतं! पाय सरळ कपाटाकडे. एका काखेत आई, दुसऱ्या काखेत कलमांचा ट्रे, डोक्यावर कोरलीची बागेतली फुलाफुलांची टोपी (वरून चेहरा दिसू नये म्हणून, ही जुनी युक्ती), आणि मी मागच्या दारानं तळ्याकडे धूम! आमची लपवायची जागा ठरलेली होती. तळ्याच्या काठचा लव्हाळा. छापेवाले घर उलथंपालथं करायचे, पण बूट भिजवायला तयार नसायचे.

पळता पळता कुंपणापलीकडे वेंडल दिसला. ओट्यावर, खुर्चीत, हातात कप. त्यानं मला हात केला.

"वेंडल! पळ! आले!"

"ड्वेन, अरे, ते आग..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. मी लव्हाळ्यात आई ठेवली, शेजारी ट्रे ठेवला, स्वतः गुडघाभर चिखलात बसलो आणि वर पाहिलं. हेलिकॉप्टर बरोबर डोक्यावर! त्याच्या पोटाखाली लांब दोर आणि दोराला भली मोठी केशरी बादली. पलीकडच्या डोंगराला वणवा लागला होता आणि विझवायला पाणी न्यायला ते बिचारे आमच्या तळ्यावर आले होते!

आधी वारा सुटला. ट्रेचं झाकण उडालं. मागोमाग कलमं उडाली आणि निवडलेली मेथी सांडावी तशी तळंभर पसरली. मी एकेक पकडायला पाण्यात उडी घेतली, तोवर बादली खाली आली. नेमकी लव्हाळ्यात! भुर्रकन वर गेली तेव्हा तिच्या काठावरून एक हिरवा शेंडा डोकावत होता.

"ए! खाली ठेव! तो लाइल आहे!" मी टोपी हलवत ओरडलो. पायलटनं मलाही हात केला! मग माझ्या मेव्हण्याला घेऊन तो धुराकडे गेला आणि डोंगरावर नेऊन ओतला.

संध्याकाळी फोन वाजला.

"ड्वेन, आपलं तळं टीव्हीवर दाखवलं," कोरली म्हणाली. "गावकऱ्यानं हेलिकॉप्टरचं उत्साहात स्वागत केलं म्हणे. चड्डीवर होता. माझी टोपी होती."

"आजकाल तसल्या टोप्या सगळेच..."

"बादलीत एक झाड होतं."

"टोमॅटो!" मी म्हणालो. "लव्हाळ्यात टोमॅटो लावलेत यंदा."

तिनं तिकडे टीव्ही बंद केला. मग हळूच विचारलं, "लाइल कसा आहे?"

"झोपलाय," मी म्हणालो. फोन ठेवला आणि ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. हसायचं तर हसा. मला लाइलसाठी रडू आलं आणि त्याहून जास्त तिच्या त्या आवाजासाठी.

दुसऱ्या दिवशी मी डोंगरावर गेलो. सगळीकडे राख. तळ्यातली कलमंही बादलीच्या फेऱ्यांनी चिरडून गेली होती. शेवटी गेलो वेंडलकडे.

"वेंडल, मला झाड दे. कुठलंही दे, पण पान बारीक हवं, देठ जांभळा हवा. कोरली परवा येतेय. निदान घरात पाऊल टाकताना तिला कपाट भरलेलं दिसू दे! मग मी सांगेन सावकाश."

वेंडल कपातली कॉफी गरागरा फिरवत राहिला.

"अरे, बोल की बाबा!"

"तिचा फार जीव आहे ना रे त्याच्यावर?" तो म्हणाला.

"आंधळी माया!"

तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि फार वेळानं एक छोटी कुंडी घेऊन आला. मी बघतच राहिलो. बारीक पान! जांभळा देठ! छाटून छाटून वीतभर ठेवलेलं!

"माझ्याकडून आणलं म्हणून तिला सांगू नकोस," तो म्हणाला. कुंडी माझ्या हातात दिली तरी तो ती सोडेना. म्हातारपण, दुसरं काय!

झाड कुठून आलं, हे मी विचारलं नाही. आमच्या डोंगरात ते कोणीच कोणाला विचारत नाही. एखाद्याला तुझा खरा बाप कोण विचारावं, तसं ते दिसतं. मी त्याला मिठी मारली. म्हटलं, "वेंडल, तुझ्यासारखा शेजारी मिळायला पुण्य लागतं!"

कोरली आली. काठी टेकत सरळ कपाटापाशी गेली. दार उघडलं. एक पान खुडलं, दोन बोटांत चुरगळलं आणि नाकाशी नेलं. मी डोळे मिटून घेतले.

"उठलास का रे?" ती म्हणाली.

जमलं! माझा जीव भांड्यात पडला. पण तिनं परत वास घेतला. मग माझ्याकडे वळली.

"ड्वेन, बादलीत काय गेलं?"

"टोमॅ..."

"आपण टोमॅटो लावत नाही."

मग मी सगळं सांगितलं. लव्हाळा, वारा, बादली, राख, रडणं. खाली मान घालून म्हणालो, "हे लाइलचं नाही गं. मला माफ कर."

"हे लाइलचंच आहे," ती म्हणाली.

"अगं, दिसायला सारखं आहे म्हणून..."

"वास घे."

मी घेतला. रॉकेल आणि पिकलेलं पेर.

"कुठून आणलंस?"

"वेंडलकडून! बघितलंस? मी म्हणतच होतो, वेंडलसारखा माणूस..."

कोरली पलंगावर बसली. खुबा दुखला असेल म्हणून मी उशी घेऊन धावलो. तिनं उशी बाजूला सारली.

"लाइलनं कलम कोणाला दिलं नव्हतं," ती म्हणाली. "एक फांदी माझ्या थर्मासात होती. बाकी सगळी झाडं ट्रकमध्ये गेली. हो ना?"

"हो."

"त्या ट्रकमधून झाड कोणाला मिळतं, ड्वेन? ज्यानं ट्रकला वाट दाखवली त्याला."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. म्हणजे, तो शेजारी आहे, धीराचा आहे, ब्लॅकबेरीचा पाय छान करतो. पण मी उशी उचलून जागेवर ठेवली.

"त्याला जेवायला येऊ नको म्हणून सांगू का?" शेवटी मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "रविवार आहे उद्या. ये म्हणावं."

वेंडल आला. ब्लॅकबेरीचा पाय घेऊन आला, नेहमीच्या खुर्चीत बसला. कोरलीच्या तब्येतीची चौकशी केली. मी कोंबडी वाढली, बटाटे वाढले. कपाटाचं दार सताड उघडं होतं आणि वेंडल एकदाही तिकडे बघत नव्हता. कोरली त्याच्याकडेच बघत होती. मला वाटत होतं, विचार, बाई, एकदाचं विचारून टाक! पण ती विचारेना.

आणि धप धप धप धप! वणव्याची उरलीसुरली धग विझवायला हेलिकॉप्टर परत तळ्यावर आलं. ताटल्या खडखडल्या. मी ताडकन उठलो. कोरली, नवा खुबा, काठी हाताशी नाही, तीही टेबल धरून उभी राहिली. आमच्या पायांना अजूनही कोणी काही सांगितलेलं नाही.

वेंडल बसलेला होता. त्यानं बटाट्याचा तुकडा काट्याला टोचला, रश्शात बुडवला आणि तोंडात घातला. आम्ही दोघं उभ्याउभ्या त्याच्याकडे बघत राहिलो. चावता चावता त्यानं मान वर केली.

"काय झालं?" तो म्हणाला.

तीस वर्षं आम्ही याला धीराचा माणूस म्हणत होतो. आणि मला मेल्याला त्या क्षणी काय सुचावं? माझ्या हातात बटाट्याचं भांडं होतं. मी त्याला अजून वाढले!