मीटर बी पितं

पंपावर टायरमध्ये हवा भरताना सोनवणेकाका नेहमी एक पॉइंट जास्त मागतात. "गेज लावलं की फुस्स करून थोडी हवा जातीच. मापायची हवा वेगळी भर!" हवा भरणारा आता वाद घालत नाही.

वाळूजच्या कारखान्यात काका इलेक्ट्रिक मेंटेनन्सला आहेत आणि मी त्यांच्या हाताखाली. मीटर चालायला लागणारा करंट ते सर्किटमधूनच घेतं, म्हणून दिसणारं रीडिंग खऱ्यापेक्षा जरा कमीच, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं. "मीटर बी पितं!" हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणतात.

एकदा नवीन इंजिनिअरला जुन्या काट्याच्या मीटरवर बाराऐवजी सात व्होल्ट दिसले. तो मशीनमधलं महागडं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलायला निघाला. काकांनी त्याचा हात धरला. "साहेब, कार्ड ठणठणीत हाय. इथं करंटच लई बारीक, तुमचं मीटर पाच व्होल्ट पिऊन बसलंय." त्यांनी डिजिटल मीटर लावलं. पावणेबारा! "हे कमी पितं," एवढंच बोलून ते चहाला गेले.

असा ठाम माणूस, पण मुलीच्या बाबतीत पार घाबरट. ज्योती सिल्लोडला दिलेली, तिथंच शाळेत शिकवते. ती सुखात आहे का, एवढंच काकांना हवं होतं, आणि तेवढंच ते विचारत नव्हते. "बाप समोर असला की पोरगी बरीच असती. ते रीडिंग काय कामाचं?" म्हणून दर शनिवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, मोटरसायकल काढायची, शाळेसमोरच्या टपरीआड बसायचं. ज्योती हसत बाहेर पडली की परत. मला हे कळलं तेव्हा हसू आलं, आणि मग आलं नाही.

मागच्या शनिवारी त्यांनी मलाही नेलं. शाळा सुटली. ज्योती हसत बाहेर आली आणि सरळ टपरीवर येऊन उभी राहिली.

"आप्पा, हे लाल हेल्मेट लपतंय व्हय? किती महिने झाले बघतेय. तुम्ही दिसले की लई बरं वाटतं."

काकांचा चेहराच उतरला. इतक्या महिन्यांचं हसू त्यांच्यामुळेच होतं, म्हणजे सगळी रीडिंग बाद. शेवटी त्यांनी विचारलंच, "अन् मी नसताना?"

"तेव्हाबी बरी असते, आप्पा. तुम्ही आले की जास्त."

तिने घरी नेऊन आम्हाला जेवू घातलं. येताना मी मागं बसलो होतो. फुलंब्रीजवळ काका मागं न बघताच म्हणाले, "समदीच मीटरं पीत नाय रे, काही भरत्यात बी."