भुरीचं माहेर

ऑपरेशन होऊन आलेल्या मांजरीपुढे शेवंता साजूक तुपातला शिरा ठेवते. मांजर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. शेवटी तो शिरा शेवंताच खाते किंवा शेजारी देऊन टाकते, पण दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा हजर. मी एकदा म्हणालो, "अवं, ते मांजर हाय. त्याले सुकट दे." तर म्हणाली, "सुकट मंग. ऑपरेशनवालीपुढं आधी शिराच ठेवा लागते."

शेवंता माझी सख्खी धाकटी बहीण. गावातल्या गावात दिलेली, त्यामुळे तिचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. नवरा गेला, दोन्ही लेकी आपापल्या घरी नांदतात. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात तिला आता 'मांजरीची माय' म्हणतात. तिच्याविषयी गावात पुष्कळ काही सांगितलं जातं. त्यातलं बरंचसं खरं आहे. जे खोटं आहे ते माझ्यामुळे पसरलं. सत्तरी उलटली, म्हणून आता लिहून टाकतो.

आधी मांजरांचं सांगतो. आमच्या दोन गल्ल्यांत मांजरं फार झाली होती. सोयाबीनच्या भरलेल्या कट्ट्यांवर पिल्लं, देवघरात पिल्लं, एकाच्या हेल्मेटात पिल्लं. आमच्याकडे यावरचा जुना उपाय म्हणजे पोतं. मांजरं पोत्यात भरायची, मोटरसायकलवर मागे बांधायची आणि जऊळक्याच्या स्टेशनवर सोडून यायची. जऊळक्याचे लोक काय करत ते माहीत नाही, पण मांजरं काही कमी होत नव्हती. एक काळा बोका तर असा सोडून आल्यावर काही दिवसांनी परत आला, आणि ज्यानं सोडला त्याच्याच ओसरीवर येऊन झोपला.

पुन्हा पोती काढायची ठरली, तेव्हा मारुतीच्या पारावर शेवंता उभी राहिली. वाशीमला एक डॉक्टर पिल्लं होऊ नयेत म्हणून मांजरांचं ऑपरेशन करतात आणि ओळख म्हणून डाव्या कानाचं टोक कापतात, असं तिला धाकट्या लेकीनं सांगितलं होतं. लोक हसले. कुणी म्हणालं, शेवंताबाई, मांजरीले आता राशनकार्डही काढून द्या. तिनं हसून घेतलं आणि पोळ्यापर्यंतची मुदत मागितली. पोळ्यानंतर नवं पिल्लू दिसलं, तर पोती बाहेर निघतील आणि सगळीच मांजरं जातील, या बोलीवर मुदत मिळाली.

तिच्या बचत गटातल्या बायकांनी वेल्डिंगवाल्याकडून पिंजरे करून घेतले. पहिल्याच दिवशी पिंजऱ्यात एक मुंगूस सापडलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सर्वांत मोठ्या घरचा बोका सापडला, गळ्यात घुंगरू असलेला. मालकांना विचारायचं की नाही यावर बायकांची मोठी चर्चा झाली. शेवंता म्हणाली, "झोपते त्यायच्या घरी, पन लेकरं तं गल्लीतच टाकते ना." बोका गेला आणि कान कापून आला. मालक भांडायला आले, तेव्हा तिनं त्यांना चहा पाजला आणि बोक्याच्या तब्येतीची इतकी आपुलकीनं चौकशी केली, की भांडण राहूनच गेलं.

पिंजरा न्यायची तिची पद्धत ठरलेली. दार पडलं, की त्यावर आपलं जुनं लुगडं टाकायचं आणि आत बघून म्हणायचं, "आता बस, माय." बोका असला तर, "झालं तुहं पुढारपन." मग वाशीमची एसटी. एकदा कंडक्टर पिंजऱ्याचं लगेज तिकीट मागू लागला. ती म्हणाली, पेशंट हाय, पेशंटले लगेज म्हनता काय. साऱ्या बसनं लुगडं वर करून पेशंट पाहिला.

बोक्यांना ती आल्या दिवशी दूध पाजून सोडून देई. मांजरींना मात्र चार दिवस आपल्या गोठ्यात ठेवी. डॉक्टरांनी आडोसा पाहिजे एवढंच सांगितलं होतं. बाकीचं तिचं स्वतःचं होतं: खाली गोधडी, दाराला पडदा, पुढे शिरा. कुणी आत डोकावलं, की ओरडे, "दार लाव, वारा लागते तिले." कायले इतकं करतं, असं कुणी विचारलं, तर म्हणे, "ऑपरेशनवालीले चार दिवस माहेर लागते. इले कोन हाय?"

यावर गाव हसतं. मला हसू येत नाही. आमच्याकडे कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईला भाऊ माहेरी आणतो. वजन उचलायचं नाही, पाणी भरायचं नाही, बसल्या जागी खायचं. शेवंताचं ऑपरेशन सरकारी शिबिरात झालं, तेव्हा आमच्या शेतात तूर सोंगणीला आली होती. मी निरोप पाठवला, तूर घरात आली की तुले नेतो. ती पिशवी भरून ओसरीवर बसली. तूर घरात आली. मग हरभरा आला. माझं जाणं राहून गेलं. शेवटी तिनं हंडे उचलले आणि टाके चिघळले. कितीतरी दिवस ती तापानं पडून होती.

तेव्हापासून ती माझ्या घरात आली नाही. भाऊबीजेला येई, अंगणात उभ्यानं ओवाळी आणि घाई हाय म्हणून निघून जाई. लोक विचारत, शेवंताबाई माहेरी काहून बसत नाही? मी म्हणे, तिचा स्वभावच फणकाऱ्याचा. हे खोटं आहे. चूक माझी होती.

पोळा जवळ आला, तोवर दोन्ही गल्ल्यांतल्या मांजरींचे कान कापून झाले होते. रस्त्यात मांजर दिसलं, की लोक आधी त्याचा कान बघत. राहिली होती एकटी भुरी. तिची याआधीची पिल्लं मोठी होऊन पांगली होती आणि ती पुन्हा बोक्यांत हिंडू लागली होती. आता ती व्याली, तर शेवंताची सगळी मेहनत पोत्यात जाणार होती. आणि भुरी राहायची माझ्या माळ्यावर, जुन्या गाद्यांत.

बायकांनी पिंजरा माझ्याकडे आणून दिला. मी सुकट लावून बघितली. भुरीनं पंजा घालून सुकट बाहेर ओढली आणि माझ्यादेखत खाल्ली. असं तीनदा झालं. बायको जाऊन वर्षं झाली, मुलगा पुण्याला. घरात मी आणि भुरी, आणि भुरी जास्त हुशार.

मग एके दुपारी शेवंताच आली. उंबरठ्यापाशी थोडी थांबली. पदर सारखा केला आणि आत आली. सुकट पिंजऱ्याच्या पार मागच्या कोपऱ्यात बांधली, वर लुगडं टाकलं आणि चुलीपाशी भिंतीला टेकून बसली. मीही शेजारी बसलो. इतक्या वर्षांनी ती माझ्या घरात बसली होती. मी तोंड उघडलं.

"शेवंता, त्या वक्ती मी..."

तिनं ओठावर बोट ठेवलं. "बोलू नको. येनार नाई भुरी."

आम्ही दोघं म्हातारे माळ्याकडे बघत बसून राहिलो. कौलातून आलेलं ऊन पिंजऱ्यावरून सरकत भिंतीवर गेलं. एकदा तिनं माझ्या गुडघ्यावरची मुंगी झटकली. माळ्यावरून भुरी उतरली, आमच्याकडे बघत बघत आत शिरली आणि दार पडलं.

"आता बस, माय," शेवंता म्हणाली.

वाशीमला ती एकटीच गेली. परतीच्या बसची वेळ मला माहीत होती. मी स्टँडवर रिक्षा घेऊन उभा राहिलो. पिंजरा मांडीवर घेऊन ती बसली, आणि रिक्षा तिच्या गल्लीवरून पुढे गेली तशी म्हणाली, "कुठं नेऊन राह्यला?"

"माहेरी," मी म्हणालो. "भुरी माह्या घरची हाय. चार दिवस तिले माह्या घरीच ठेवा लागन."

ती पिंजऱ्यावरचं लुगडं नीट करत राहिली.

घरी मी शिरा करून ठेवला होता. जन्मात पहिल्यांदा केलेला, खालून करपलेला. एक वाटी भुरीपुढे ठेवली. दुसरी पाट मांडून पाटापुढे ठेवली. भुरीनं गुंगीतच तोंड फिरवलं. शेवंता बराच वेळ त्या पाटाकडे बघत उभी राहिली. मग बसली. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"करपला," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, वाटीतून डोकं वर न काढता, "तूर आली काय घरात?"

"आली," मी म्हणालो.

तिनं वाटी पुसून खाल्ली. भुरीच्या पिंजऱ्याशेजारी गोधडी अंथरली, पाय लांब केले आणि भिंतीला टेकली.

"दार लाव, भाऊ," ती म्हणाली. "वारा लागते."

मी दार लावलं, आतून.